दुसऱ्या मजल्यावरची दिओलिंदा

जसिंताबाईंची मुलगी लिस्बनला महापालिकेत आहे, हे फोंतेला गावात लहान पोरालासुद्धा पाठ होतं. गाव उत्तरेकडच्या डोंगरात, जेमतेम ऐंशी उंबऱ्यांचं. अशा गावात कुणी राजधानीत महापालिकेत चिकटलं की ती बातमी जुनी होत नाही. आणि 'महापालिकेत आहे' म्हटलं की ऐकणारा टेबल-खुर्ची आपल्या मनानेच मांडून घेतो.

जसिंताबाईंनी सुरुवातीला सांगितलं ते तेवढंच, आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं. दिओलिंदा महापालिकेच्याच पगारावर होती. फक्त ती रस्त्यावर बसायची. लिस्बनच्या पदपथांवर काळ्या-पांढऱ्या दगडांची नक्षी असते ना, ती बसवणाऱ्या टोळीत ती होती. वीतभर उंचीच्या लाकडी पाटावर बसायचं, डाव्या तळहातात दगड धरायचा, उजव्या हातातल्या हातोडीने तो हवा तसा फोडायचा आणि वाळूत ठोकून बसवायचा. दिओलिंदा डावखुरी, म्हणून तिचं सगळं उलट.

पण गावच्या भट्टीवर पाव भाजायला बायका जमल्या असताना पियेदादमावशीने विचारलं, "कितव्या मजल्यावर बसते गं तुझी पोर?" जसिंताबाईंच्या तोंडून निघून गेलं, "दुसऱ्या." एकदा मजला बांधला की खिडकी काढावीच लागते. पुढच्या नाताळात खिडकीजवळची खुर्ची आली, त्याच्या पुढच्या वर्षी टेबलपंखा, आणि पाचव्या वर्षी रबरी शिक्का. मुलीला इतकी बढती महापालिकेने कधी दिली नाही.

दिओलिंदाला हे कळलं ते एका मयताला गावी गेली तेव्हा. दफनभूमीतून परतताना एका म्हाताऱ्याने तिच्या हातात पेन्शनचा अर्ज ठेवला आणि म्हणाला, "तुझ्या शिक्क्याने होऊन जाऊ दे." घरी येऊन ती आईवर कडाडली. आईने ऐकून घेतलं. मग ती बटाटे सोलत सोलतच बोलली.

"चौदा वर्षांची होते मी. गावात रस्ता आला तेव्हा खडी फोडायला बायका लावल्या होत्या. गुडघ्याला गोणपाट बांधून सहा वर्षं बसले रस्त्याच्या कडेला. मुकादम होता पियेदादचा बाप. ही त्याचा डबा घेऊन यायची, सावलीत उभी राहायची आणि आम्हाला बघायची. तेव्हाच शपथ घेतली होती, माझ्या पोरीच्या हातात हातोडी येणार नाही. आता तू हौसेने धरलीस. धर. पण पियेदादला कळलं, तर मी तिच्यासमोरून पुन्हा चालू शकणार नाही."

दिओलिंदाने अर्ज पिशवीत घातला, लिस्बनला खऱ्या ऑफिसात जाऊन दोन तास रांगेत उभी राहिली, आणि म्हाताऱ्याचं काम केलं. त्यामुळे गावात शिक्क्याची कीर्ती आणखीच वाढली.

खरं तर दिओलिंदाला लपवण्यासारखं काही नव्हतंच. विसाव्या वर्षी ती लिस्बनला आली, एका लॉजचे जिने पुसायची. लॉजच्या दारात एक टोळी फरसबंदी करत होती. ती रोज बादली घेऊन उभी राहायची आणि बघत बसायची. एक दिवस तिने टोळीच्या मिस्त्रीला, वेनांसियो त्याचं नाव, विचारलं की हे बायका करतात का. मिस्त्री म्हणाला, "आजवर केलं नाही. पण दगडाला विचारलंस तर त्याची काही हरकत नसावी." महापालिकेची या कामाची शाळाच आहे. तिथे ती शिकली आणि त्याच टोळीत आली. पहिल्या महिन्यात पुरुषांनी पैज लावली होती की ही पोर किती दिवस टिकते. पैज लावणारे दोघं कंबर धरून निवृत्त झाले, ही आहे तिथेच.

या लोकांत एक रीत आहे. हातोडी ज्याची त्याची. दांडा आपल्या मुठीच्या मापाने स्वतः तासायचा, आणि ती हातोडी कुणी कुणाला देत नाही. एक वेळ दाढीचं ब्लेड देतील, पण हातोडी नाही. दिओलिंदाची हातोडी ऑलिव्हच्या लाकडाची, डाव्या मुठीची. बारीक काम निघालं, म्हणजे अक्षरं, माशाचे खवले, पाखराची चोच, की मिस्त्री दुसऱ्या कुणाकडे बघायचाही नाही.

असं सगळं बरं चाललेलं असताना जूनमध्ये गावची सहल निघाली. फोंतेलाच्या पंचायतीचे प्रमुख आबीलियो दरवर्षी एक बस काढतात. या वर्षी राजधानी. पहाटे निघायचं, नऊला पोचायचं, संध्याकाळी सहाला परत निघायचं. बावन्न माणसं. कार्यक्रमाचा कागद टाइप करून चर्चच्या दारावर लावला होता: नदीकाठचा मठ, तिथली अंड्याच्या मलईची पेस्ट्री, बागेत घरून आणलेलं जेवण, आणि चौथ्या क्रमांकावर 'दिओलिंदाच्या कार्यालयास भेट'.

जसिंताबाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की दिओलिंदाला वाटलं कुणी वारलं.

"अगं, शनिवार आहे," ती म्हणाली. "ऑफिस बंद असतं."

"मग बाहेरून दाखव. तेवढं कर. पुन्हा काही मागणार नाही."

दिओलिंदाने त्या शनिवारची सुट्टी टाकली. मिस्त्रीने कपाळाला आठ्या घातल्या, कारण कॅथेड्रलच्या मागच्या छोट्या चौकात चर्चसमोर मोठं काम चालू होतं आणि तिथल्या संताची मिरवणूक त्याच शनिवारी पाच वाजता निघणार होती. पण नक्षीतलं जहाज झालं होतं, एक कावळा झाला होता, उरला होता दुसरा. तेवढं आम्ही करतो, जा, म्हणाला.

शेजारणीकडून तिने टाचांचे बूट उसने घेतले, इस्त्रीचा स्कर्ट घातला, हातांना तीन दिवस मलम चोपडलं. या शहरात दगडांवरून टाचा घालून कोण चालतं हे फरशीवाल्यांना चांगलं ठाऊक असतं: पाहुणे, आणि लग्नाला उभ्या राहिलेल्या मुली. दर दहा पावलांवर टाच फटीत अडकायची आणि दिओलिंदा मनातल्या मनात त्या फटी सोडणाऱ्या टोळीचा उद्धार करायची.

सहल मात्र झकास चालली होती. फोंतेलाच्या लोकांनी मठ बघितला आणि एकमताने ठरवलं की छप्पर उंच आहे पण झाडायला कठीण. पेस्ट्री चांगली आहे की नाही हे ठरवायला आबीलियोंनी सहा खाल्ल्या. नदी ही नदीच आहे, समुद्र नाही, हे पटवताना दिओलिंदाचा घसा बसला. बागेत टोपल्या उघडल्या, पाव, धुरावलेलं सॉसेज, माशाचे वडे, पाच लिटरची वाइनची बरणी. मग लाटांची नक्षी असलेल्या मोठ्या चौकात दोन म्हाताऱ्यांना गरगरल्यासारखं झालं. राजधानीत पहिल्यांदा आलेले लोक चालतात तसे सगळे माना वर करून चालत होते. पायाखाली बघायला कुणाला फुरसत नव्हती. त्या चौकाच्या दुरुस्तीत एका कोपऱ्यात दिओलिंदाची सात महिन्यांची मेहनत होती, आणि तिच्यावर उभं राहून पियेदादमावशी एका राजाच्या पुतळ्याची टोपी बघत होती.

जसिंताबाई दिवसभर मुलीच्या दंडाला धरून होत्या.

अडीच वाजता सगळे महापालिकेच्या इमारतीसमोर आले. दिओलिंदाने हात पर्सच्या मागे ठेवले आणि हनुवटीने दाखवलं. दुसरा मजला, डावीकडून तिसरी खिडकी. आबीलियोंनी सगळ्यांना ओळीत उभं करून खिडकीखाली फोटो काढला.

"पडदे मळलेत गं," पियेदादमावशी म्हणाली. "धुवायला टाकत नाहीत?"

"शिपाई लक्ष देत नाही, मावशी," दिओलिंदा म्हणाली.

हे उत्तर इतकं चटकन आलं की तिलाच धसका बसला. अकरा वर्षं खोटं आईचं होतं. आज त्यातली एक खिडकी तिने स्वतःच्या तोंडाने उघडली होती. तिला स्वतःची लाज वाटली, त्या शिपायाचीसुद्धा, जो जन्मालाच आला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. मिस्त्री.

"दिओलिंदा, पाहुणे आहेत माहीत आहे. पण घोळ झालाय. दुआर्तने साचा उलटला नाही."

इथे थोडं सांगायला हवं. लिस्बनच्या चिन्हात एक जहाज असतं. त्यात, आख्यायिकेप्रमाणे, शहराच्या संताचा देह, आणि जहाजाच्या दोन टोकांना दोन डोमकावळे, राखणीला बसलेले. दोघांनीही आत, संताकडे बघायचं. टोळीकडे कावळ्याचा लाकडी साचा एकच. एक कावळा केला की साचा पालथा करायचा, म्हणजे दुसरा आपोआप समोर तोंड करतो. दुआर्त हा टोळीतला चाळीशीचा दांडगा गडी, आदल्या संध्याकाळी सणाच्या भाजलेल्या मासळीवर आणि वाइनवर जरा जास्तच बसला होता. त्याने साचा तसाच ठेवला. दोन्ही कावळे आता नदीकडे बघत होते. मिस्त्रीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्याला कळलं ते चर्चच्या एका म्हातारीने 'हा कावळा संताला पाठ दाखवून कुठे निघाला?' असं विचारलं तेव्हा.

"पाचला मिरवणूक त्यावरून जाणार," मिस्त्री म्हणाला. "चोच आणि डोळा मला दिसत नाही, दुआर्तला जमत नाही. तुझी हातोडी मी फडक्यात गुंडाळून ठेवली आहे."

दिओलिंदाने फोन ठेवला. बावन्न जणांचे कान तिच्याकडे होते.

"कामाचा फोन आहे," ती आईला हळूच म्हणाली. "मला जावं लागेल."

"शनिवारी?" पियेदादमावशी म्हणाली. "हिच्यावाचून पान हलत नाही म्हणायचं."

जसिंताबाईंनी जिवाच्या आकांताने धागा पकडला. ऑफिसचं तातडीचं काम आहे, तिला जाऊ द्या, आपण इथेच बसू, असं त्या म्हणाल्या. पण आबीलियोंचा चेहरा उजळला होता. कार्यक्रमातला चौथा क्रमांक नुसता बाहेरून उरकला याची त्यांना दिवसभर खंत होती. ते म्हणाले, ऑफिस उघडतंच आहे तर आपण सगळेच जाऊ, पाच मिनिटं आत डोकावू, कुणाला त्रास देणार नाही.

दिओलिंदा आईकडे बघत राहिली. आईच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं, काहीतरी सांग. आणि सांगण्यासारखं पुष्कळ होतं. परवानगी लागते, साहेब रागीट आहे, लिफ्ट बंद आहे. पण त्या दिवशी ती एका शिपायाला जन्म देऊन बसली होती. तिला दुसरं मूल नको होतं.

"चला," ती म्हणाली.

चढावर टाच पुन्हा अडकली. तिने बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी पुढे निघाली. मागे बावन्न माणसं, टोपल्या आणि अर्धी बरणी. आई कुठेतरी मागच्या मागे राहिली.

चौकात पोचल्यावर कुणाला काही कळेना. ऑफिस कुठे आहे? दोरी बांधलेला रस्ता, दगडांचे ढीग, कडेला मान खाली घालून उभा असलेला दुआर्त. मिस्त्री पुढे आला, फडकं सोडलं आणि हातोडी तिच्या डाव्या हातात दिली. दिओलिंदाने स्कर्ट गुडघ्यावर ओढून घेतला, पाटावर बसली आणि गावाकडे न बघता म्हणाली, "हे माझं काम. मी फरशी बसवते. अकरा वर्षं हेच करते."

पियेदादमावशीचा आवाज आला, अगदी गोड.

"हा कितवा मजला म्हणायचा?"

एक-दोघं हसले. दिओलिंदाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने दुआर्तला खूण केली आणि चुकीचा कावळा उपटायला सुरुवात केली. जसिंताबाई चौक ओलांडून चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या होत्या, सगळ्यांकडे पाठ करून. आता पाठ फिरवणाऱ्यांत कावळ्याच्या जोडीला आईपण होती.

पण हातात काम आलं की दिओलिंदाला बाकीचं जग ऐकू यायचं बंद होतं. साचा पालथा केला, वाळू सारखी केली. काळा दगड तळहातात फिरायचा, टक्, टक्, दोन घाव, तिसऱ्याला कड हवी तशी. पंखाची पिसं लांबट, मानेचे दगड बोराएवढे. दगड खाली जायचा आणि शेजाऱ्याला असा चिकटायचा की मध्ये नख जाऊ नये. पंधरा मिनिटांत गावाचं हसू आटलं. अर्ध्या तासात आबीलियो उकिडवे बसून पाहत होते. पेन्शनवाला म्हातारा न सांगता दगड हाताशी आणून द्यायला लागला, आणि कोणता काळा, कोणता निळसर, हेही बघायला लागला. कुणीतरी म्हणालं, सकाळपासून आपण याच्यावरूनच चालतोय की! तेव्हा कुठे फोंतेलाच्या बावन्न माणसांनी माना खाली घातल्या आणि लिस्बन बघितलं.

साडेचारला शेपूट, पंख, मान, चोच झाली. उरला डोळा. काळ्या डोक्यात वाटाण्याएवढा पांढरा दगड, पाच बाजूंचा. नेमका तोच फुटला. दुसरा घेतला, तोही फुटला. तिसऱ्याचा चुरा झाला. दीड तासात दिओलिंदाचा एकही दगड असा वाया गेला नव्हता. तिच्या लक्षात आलं की आपण मधूनमधून त्या पायऱ्यांकडे बघतोय. चर्चमध्ये बँडवाले वाद्यं जुळवत होते. मिस्त्रीने घड्याळ बघितलं नाही, पण बघावंसं त्याला वाटत होतं हे दिसत होतं.

चौथा दगड तिने उचलला, तेव्हा मागून आवाज आला.

"तसा नको मारूस. शीर आडवी आहे त्याची."

जसिंताबाई उभ्या होत्या. आवाज ऐकून उठल्या असाव्यात. दगड चुकीचा फुटल्याचा आवाज सहा वर्षं खडी फोडलेल्या बाईला पन्नास वर्षांनीही पाठीमागून ओळखू येतो.

"दिसतेय का शीर? फिरव. अजून. आता बघ."

"तूच कर," दिओलिंदा म्हणाली, आणि हातोडी पुढे केली.

टोळीतले सगळे चमकले. दुआर्तने तर मिस्त्रीकडे बघितलं, की हे चालतं का. मिस्त्रीने नजर दुसरीकडे वळवली.

जसिंताबाईंनी आधी पियेदादकडे बघितलं. एकाहत्तर वर्षांच्या बाईने बस प्रवासासाठी घातलेला काळा चांगला झगा गुडघ्यांखाली सारला आणि ती वाळूत बसली. त्यांनी हातोडी तोलून पाहिली, डाव्या मुठीची आहे हे कळल्यावर "तुझी आजीपण डावखुरीच," म्हणाल्या, आणि दांडा उजव्या हातात धरला. पहिला घाव हलका होता, नुसती ओळख करून घेतल्यासारखा. दुसऱ्याला एक कड गेली. मग तीन घाव सलग, आणि तळहातावर पाच बाजूंचा पांढरा खडा उरला. तो त्यांनी मुलीच्या हातात दिला नाही. स्वतःच वाकून कावळ्याच्या डोक्यात बसवला आणि हातोडीच्या मागच्या टोकाने एकदा ठोकला.

कावळ्याने संताकडे बघितलं.

दुआर्तने धुमसाने सगळं ठोकून सारखं केलं, वर दगडाची भुकटी पसरली, पाणी मारलं. दोरी सुटली. पाचचे टोल पडत असताना चर्चचं दार उघडलं, बँड बाहेर आला, मागे खांद्यावरून संताची मूर्ती. मूर्ती वाहणारे लोक जहाजावरून, दोन्ही कावळ्यांच्या मधून गेले. ज्या म्हातारीने चूक पकडली होती ती थांबली, एका कावळ्याकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं, आणि छातीवर क्रूस करून पुढे गेली. मिस्त्री वेनांसियोने टोपी काढली. संतासाठी काढली असं तो अजूनही म्हणतो.

बस खाली नदीकाठी उभी होती. आबीलियोंनी कार्यक्रमाचा कागद काढून चौथ्या क्रमांकापुढे खूण केली. मग कागद घडी करता करता म्हणाले की गावच्या चर्चसमोर चिखल होतो, तिथे सिमेंट टाकायचं ठरलं होतं, तर सिमेंट राहू दे. सप्टेंबरात दिओलिंदाला सुट्टी मिळते का. दिओलिंदा म्हणाली, मिळेल, पण मजुरीला दोन माणसं लागतील. पेन्शनवाल्या म्हाताऱ्याने हात वर केला.

जसिंताबाईंच्या झग्याला गुडघ्यांवर दगडाची पांढरी भुकटी लागली होती. मुलगी झटकायला वाकली, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. "राहू दे. घरी जाईपर्यंत राहू दे." मग मुलीची हातोडी दोन्ही हातांनी परत दिली, आणि तिच्या घट्टे पडलेल्या डाव्या तळव्यावर स्वतःचा तळवा ठेवून पाहिला. दिओलिंदाला रडू फुटलं आणि तिने ते आवरलं नाही.

बसच्या दारात पियेदादमावशी उभी होती. जसिंताबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पन्नास वर्षांत इतक्या जवळ त्या कधी आल्या नव्हत्या.

"तू मघाशी विचारलंस ना, पियेदाद," त्या म्हणाल्या. "माझी पोर महापालिकेत आहे. तळमजल्यावर. अख्खं शहर तिच्यावर उभं आहे."

आणि त्या बसमध्ये चढल्या, चालकाच्या मागची पहिली सीट धरून बसल्या, भुकटी लागलेले गुडघे सगळ्यांना दिसतील असे.